तक्रार पत्र: पेनहोल्ड म्हणून विकलेली, पण शेकहँडची मूठ कापून केलेली बॅट

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
टेबल टेनिस साहित्य विभाग

विषय: जाहिरातीतील मापांशी न जुळणारी मूठ असलेली बॅट परत घेऊन पूर्ण रक्कम मिळण्याबाबत

महोदय,

आपल्या संकेतस्थळावर ‘चायनीज पेनहोल्ड, आरामदायी मूठ’ या वर्णनाने विक्रीस असलेली, म्हणजे लेखणीसारखी दोन बोटांच्या चिमटीत धरायची, एक बॅट मी ३,८५० रुपये आगाऊ भरून मागवली होती. ती वेंगुर्ल्यात माझ्या हाती पडल्याला आज २६ दिवस झाले आणि त्यातले २३ दिवस आपल्या ग्राहक सेवेशी लिहिण्याबोलण्यात गेले. ‘मुठीची सोय ज्याच्या त्याच्या सवयीवर अवलंबून असल्याने हा उत्पादनातील दोष मानता येत नाही’ असे शेवटचे उत्तर मला मिळाले आहे. हा प्रश्न सवयीचा असता तर मी निमूटपणे बॅट कपाटात ठेवली असती. तो मापांचा आहे, आणि ती मापे आपणच जाहिरातीत छापलेली आहेत, म्हणून हे पत्र.

मी ही खरेदी घाईने केली नाही, हे आधी नमूद करतो. माझी जुनी बॅट अठरा वर्षे वापरून तिची मूठ ब्लेडपासून, म्हणजे चेंडू मारायच्या लाकडी फळीपासून, सुटू लागली होती, आणि नवी घेताना मुठीचे माप चुकू नये म्हणून मी आमच्या आळीतल्या गणपतीच्या शाळेतून, म्हणजे मूर्ती घडवतात त्या जागेतून, शाडूच्या मातीचा एक गोळा आणला, तो जुन्या बॅटीच्या मानेभोवती, म्हणजे मूठ ब्लेडला मिळते तिथे, थापून नेहमीसारखी पकड घेतली आणि अंगठा व तर्जनी यांचे ठसे कुठे उमटतात, त्यांच्यात किती अंतर राहते, हे पट्टीने मोजून ठेवले. शाळेचे मालक हसले, पण माती त्यांनी फुकट दिली. त्या ठशांवरून मला सोसेल अशी मुठीची रुंदी ३० मिलिमीटरच्या आणि जाडी २२ मिलिमीटरच्या आत हवी, असे ठरले. आपल्या जाहिरातीत लांबी ८०, रुंदी २९ आणि जाडी २२ मिलिमीटर अशी मापे होती. म्हणूनच, आणि केवळ म्हणूनच, मी आपली बॅट निवडली.

प्रत्यक्षात आलेल्या बॅटीची मूठ व्हर्निअर कॅलिपरने मोजली असता लांबी बरोबर ८० भरली, मात्र रुंदी मानेपाशी ३४ आणि जाडी २५ मिलिमीटर निघाली. ही मापे पेनहोल्डच्या मुठीपेक्षा शेकहँडच्या, म्हणजे हस्तांदोलनासारख्या पकडीने धरायच्या, मुठीला अधिक शोभतात. शेकहँडची मूठ साधारण १०० मिलिमीटर लांब असते, आणि ती मागून वीसेक मिलिमीटर छाटली की लांबी पेनहोल्डची होते, हे गणित कुणालाही करता येईल. तसे झाले असावे याच्या खुणा मुठीवरच आहेत. इतर सर्व बाजूंना वॉर्निश असून मागचे टोक तेवढे कोरे आहे, त्यावर करवतीच्या दात्यांचे ओरखडे दिसतात, आणि आपल्या कंपनीच्या नावाच्या शिक्क्यातले शेवटचे अक्षर अर्धेच उरले आहे. खात्री करून घ्यावी म्हणून मी ती सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी खेळणी करणाऱ्या एका जुन्या कारागिरांना दाखवली. त्यांनी टोकावरून नख फिरवले आणि ‘ह्यो दांडो मागसून कापलेलो आसा’ एवढेच सांगून बॅट परत दिली. कोऱ्या राहिलेल्या त्या टोकातून आमच्याकडची पावसाळी दमट हवा लाकडात शिरत असल्याने एका थराची कड आताच उचलू लागली आहे, ती बाब वेगळीच.

चार-पाच मिलिमीटरने एवढा काय फरक पडतो, असे आपल्या प्रतिनिधींनी मला दूरध्वनीवर विचारले. त्याचे उत्तर थोडे विस्ताराने देणे भाग आहे, कारण हा प्रश्न विचारणाऱ्याने पेनहोल्डची पकड कधी घेऊन पाहिली नसावी असे वाटते. शेकहँडमध्ये मूठ तळव्यात बसते, तीन बोटे तिला वेढतात आणि भार साऱ्या हातावर वाटला जातो. पेनहोल्डमध्ये तळव्याचा मुठीशी फारसा संबंधच येत नाही. मूठ अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या बेचकीत टेकते, बॅट तोलली जाते ती या दोन बोटांच्या चिमटीत, आणि उरलेली तीन बोटे ब्लेडच्या पाठीमागे टेकू देतात. त्यामुळे मुठीची लांबी इथे दुय्यम ठरते. बोटे बॅटीला धरतात ती मूठ जिथे ब्लेडला मिळते त्या मानेपाशी, आणि त्या मानेची रुंदी, जाडी व मानेलगतच्या ब्लेडच्या दोन्ही खांद्यांच्या कडांची गोलाई यांवरच पकडीचे सुख-दुःख ठरते. मान जाड असली की चिमटी फाकते, फाकलेल्या चिमटीत जोर उरत नाही, बॅटीचे डोके खाली झुकते आणि ते सावरण्यासाठी मनगट अखंड ताठ ठेवावे लागते. त्यातच आखूड मुठीमुळे पेनहोल्ड बॅटीचा भार आधीच डोक्याकडे अधिक असतो, आणि माझ्यासारख्या दोन्ही बाजूंना रबर लावणाऱ्याच्या बॅटीत तो आणखी वाढतो. आपल्या बॅटीने मी रबर न लावता, नुसत्या ब्लेडने, तीन संध्याकाळी प्रत्येकी वीस मिनिटे चेंडू टोलवून पाहिले. तिसऱ्या दिवशी तर्जनीच्या आतल्या बाजूला, ब्लेडच्या खांद्याची चौकोनी कड जिथे रुतते तिथे, फोड आला होता.

आपल्या संकेतस्थळावर मुठीचा प्रकार निवडताना ‘पेनहोल्ड’ हा एकच पर्याय दिसतो आणि चायनीज हा शब्द फक्त वर्णनात येतो, हेही या गोंधळाच्या मुळाशी असावे. पेनहोल्ड ही एकच मूठ नाही. जपानी घडणीच्या बॅटीत पुढच्या बाजूला कॉर्कचा उंचवटा असतो आणि तर्जनी त्याला आकड्यासारखी अडकते. फोरहँड मारताना ही पकड मोठा भरवसा देते, पण बॅटीच्या पाठीने बॅकहँड मारण्यासाठी मनगट वळवायचे तर तीच आड येते. चिनी घडणीची मूठ आखूड, बारीक आणि दोन्ही बाजूंनी सारखी असते, आणि १९९६ साली अटलांटा ऑलिंपिकमध्ये एकेरीचे सुवर्णपदक जिंकणाऱ्या लिऊ गुओलियांग यांनी पाठीच्या रबराचा जो बॅकहँड खेळून दाखवला, तो या घडणीत सुखाने जमतो. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये पुरुष एकेरीचा अंतिम सामना दोन पेनहोल्ड खेळाडूंतच झाला, पण कोरियाच्या र्‍यू सुंग-मिन यांच्या हातात जपानी घडणीची बॅट होती आणि चीनच्या वांग हाओ यांच्या हातात चिनी. जिंकले र्‍यू. म्हणजे कोणती मूठ श्रेष्ठ हा वाद नाही, ग्राहकाने मागितलेली मूठ त्याला मिळाली की नाही एवढाच प्रश्न आहे. मी शाळकरी वयात जपानी घडणीवर शिकलो, चाळिशीनंतर पाठीचा बॅकहँड शिकण्याच्या हट्टापायी चिनी घडणीकडे वळलो आणि त्या हट्टाची किंमत माझ्या मनगटाला ठाऊक आहे. शेकहँडची छाटलेली मूठ मात्र या दोन्हींपैकी कशातच बसत नाही.

आता आपल्या ग्राहक सेवेबद्दल. बॅट मिळाल्यापासून तिसऱ्या दिवशी, म्हणजे परतीच्या दहा दिवसांच्या मुदतीत, मी मापांच्या छायाचित्रांसह तक्रार नोंदवली. पाच दिवसांनी आलेल्या उत्तरात बॅट योग्य रीतीने धरण्याचा सल्ला आणि सोबत एक चित्र होते, आणि ते चित्र शेकहँड पकडीचे होते. त्यानंतर ‘आपल्या पिनकोडवर परतीचा माल उचलण्याची सोय नाही’ असे कळवण्यात आले. ज्या कुरियरने बॅट माझ्या दारात आणून दिली त्यालाच ती परत नेता येऊ नये, याचे कारण मी दोनदा विचारले आणि त्याला उत्तर आले नाही. या सगळ्यात मुदत संपली, आणि मग ती संपल्याचे मला लगेच, त्याच दिवशी, कळवण्यात आले.

पेनहोल्ड खेळणारा माणूस नवी बॅट आली की बहुधा प्रथम पॉलिश पेपर हातात घेतो. आधी १२० नंबरच्या आणि मग ४०० नंबरच्या कागदाने तो मानेपाशी ब्लेडचे खांदे स्वतःच्या बोटांच्या मापाने गोल करून घेतो, आणि आमच्यासारखा समुद्रकाठी राहणारा असेल तर उघड्या पडलेल्या लाकडाला वॉर्निशचा हातही देतो. तसे मीही केले असते. पण लाकडावर एक जरी घासा उमटला तरी ‘वापरलेला माल’ म्हणून परत घेणार नाही, असे आपल्या अटींत लिहिलेले असल्याने, बोटाला फोड आलेला असतानाही मी पॉलिश पेपर पेटीतून काढला नाही. घासून माझी सोय काही अंशी झाली असती, पण रुंदीतले पाच मिलिमीटर पॉलिश पेपरने जाणारे नाहीत, त्याला कानस आणि रंधाच लागेल, आणि पूर्ण किंमत देऊन विकत घेतलेल्या वस्तूचे सुतारकाम ग्राहकाने करावे अशी आपली अपेक्षा नसावी.

आपल्या एका प्रतिनिधींनी मानेपाशी लाकूड घासल्यास बॅट नियमबाह्य ठरेल असेही सांगितले. हे चुकीचे आहे. आंतरराष्ट्रीय टेबल टेनिस महासंघाच्या नियमांनुसार बॅटीचा आकार, घाट आणि वजन काहीही असू शकते. ब्लेड सपाट व न वाकणारे असावे आणि त्याच्या जाडीचा किमान ८५ टक्के भाग नैसर्गिक लाकडाचा असावा, एवढे बंधन आहे, आणि मुठीजवळचा, बोटांनी धरला जाणारा भाग रबराविना उघडा ठेवण्यासही त्यांत स्पष्ट मुभा आहे. आपण हे साहित्य विकता, तेव्हा निदान एवढी माहिती फोनवर बसणाऱ्यांना द्यावी.

माझी मागणी अशी आहे की कंपनीने स्वखर्चाने ही बॅट माझ्या पत्त्यावरून उचलून न्यावी आणि ३,८५० रुपये मूळ खात्यात परत करावेत. जाहिरातीतील मापांची आणि न छाटलेल्या मुठीची चिनी घडणीची बॅट आपल्याकडे खरोखर असेल, तर पाठवण्यापूर्वी मानेपाशी कॅलिपर लावलेले तिचे छायाचित्र मला पाठवावे. ते जुळल्यास बदली बॅट घेण्यास माझी हरकत नाही. याशिवाय संकेतस्थळावर चिनी आणि जपानी मुठींचे पर्याय वेगळे दाखवावेत, मानेची रुंदी व जाडी छापावी आणि खांदे हलके घासल्याने परतीचा वा हमीचा हक्क जात नाही असे अटींत नोंदवावे, ही सूचना आहे. ती मानणे न मानणे आपल्याकडे.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे या तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एक महिन्यात होणे आवश्यक आहे. त्या मुदतीत तसे न झाल्यास मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ने ग्राहकाला तो राहतो त्याच जिल्ह्यात दाद मागण्याची सोय दिलेली असल्याने सिंधुदुर्गच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. बिलाची प्रत, जाहिरातीतील मापांचे छायाचित्र, कॅलिपरसह मुठीची चार छायाचित्रे, कापलेल्या टोकाचे एक आणि आपल्याकडून आलेले शेकहँडचे चित्र सोबत जोडले आहे. बॅट रबर न लावता मूळ खोक्यात ठेवली आहे आणि पावसाची हवा लागू नये म्हणून खोके तांदळाच्या डब्यात आहे. माणूस पाठवण्यापूर्वी एक दिवस आधी कळवावे.

आपला,
बिलावर नाव असलेला ग्राहक
वेंगुर्ला, जि. सिंधुदुर्ग