शेवटची जागा पटावर ठरू द्या : क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. क्रीडामंत्री,
महाराष्ट्र राज्य

विषय : राष्ट्रीय बुद्धिबळ अजिंक्यपद स्पर्धेसाठी होणारी राज्य निवड स्पर्धा

महोदय,

राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत राज्यातर्फे कोण खेळणार, हे ज्या निवड स्पर्धेतून ठरते, तिच्याबद्दल हे पत्र आहे. अशा स्पर्धांमध्ये मी पंच म्हणून काम करते. निवड स्पर्धेला कॅमेरे येत नाहीत, विजेत्याची मिरवणूक निघत नाही. पण राज्यातल्या बहुतेक मुलामुलींसाठी राष्ट्रीय स्पर्धेचे दार इथेच उघडते किंवा मिटते. ते दार आज ज्या पद्धतीने मिटते, त्याबद्दल मला आपल्याशी बोलायचे आहे.

दीड-दोनशे खेळाडू येतात आणि बहुधा आठ-नऊ फेऱ्या होतात. एवढ्यांनी प्रत्येकाशी खेळणे शक्य नसते, म्हणून स्विस पद्धत वापरतात : जिंकणारा जिंकणाऱ्यासमोर, हरणारा हरणाऱ्यासमोर. १८९५ साली झुरिचमधल्या एका स्पर्धेत ती पहिल्यांदा वापरली गेली. पद्धत उत्तम आहे, पण तिला एक मर्यादा आहे. पहिला कोण हे ती बऱ्यापैकी खात्रीने सांगते. चौथा आणि पाचवा यांच्यात फरक करण्याइतकी ती बारीक नाही. आणि निवड स्पर्धेत नेमके तेच करायचे असते. जागा मोजक्या असतात, आणि शेवटच्या एका जागेवर तीन-चार, कधी पाच-सहा जण समान गुणांनी येऊन थांबतात.

मग टायब्रेक, म्हणजे समान गुणवाल्यांत क्रम ठरवणारा निकष, लावतात. सगळ्यात जास्त चालतो तो बुखोल्झ. तुम्ही ज्यांच्याशी खेळलात, त्या सगळ्यांच्या गुणांची बेरीज. ज्याचे प्रतिस्पर्धी अधिक गुण मिळवणारे, तो वरचा. १९३२ मध्ये ब्रूनो बुखोल्झ यांनी ही रीत सुचवली. बक्षिसांची यादी लावायला ती ठीक आहे. सहावा आणि सातवा यांच्या बक्षिसात थोडाफार फरक पडतो, कोणाचे फारसे बिघडत नाही. निवडीत मात्र एक जण राष्ट्रीय स्पर्धेला जातो आणि दुसरा घरी.

एका निवड स्पर्धेतली शेवटची फेरी सांगते. एक मुलगा आणि एक मुलगी, दोघे सात गुणांवर. दोघांचा एकमेकांशी डाव झालेलाच नव्हता. जागा एकच उरली होती. मुलीने शेवटच्या फेरीत हत्ती-प्याद्याचा अवघड अंतिम डाव साडेतीन तास खेळून जिंकला होता. त्याच फेरीत खूप खालच्या एका पटावर दोन खेळाडूंनी दहा-बारा चालींत बरोबरी करून टाकली. दोघांनाही काही मिळणार नव्हते आणि एकाला गाडी गाठायची होती. त्यांची काहीच चूक नाही. पण त्यांतला एक जण पहिल्या फेरीत या मुलीशी खेळलेला होता. त्याचा अर्धा गुण कमी पडला, मुलीची बेरीज ४९ राहिली आणि मुलाची ४९.५ झाली. तिच्या पहिल्या फेरीतल्या प्रतिस्पर्ध्याने तो डाव जिंकला असता तर बेरीज सारखी झाली असती, आणि पुढचा निकष तिच्या बाजूने होता. यादी भिंतीवर लागली तेव्हा ती बोट ठेवून एकेका प्रतिस्पर्ध्याचे गुण पुन्हा मोजत होती. मग तिने मला विचारले, ‘‘मॅडम, मी कुठे चुकले?’’ ती कुठेच चुकली नव्हती. नियमाप्रमाणे यादी बरोबर होती, त्यावर सही माझीच होती, आणि तिला सांगण्यासारखे उत्तर माझ्याकडे नव्हते.

कोणी म्हणेल, नशिबाचा भाग प्रत्येक खेळात असतोच. असतो. पण जो भाग तासाभरात दूर करता येतो, त्याला नशीब म्हणून सोडून देणे मला पटत नाही.

ही गोष्ट फक्त आपल्याकडची नाही. १९७८ मध्ये सोव्हिएत राष्ट्रीय अजिंक्यपदासाठी दौगाव्पिल्स इथे ६४ खेळाडूंची पात्रता स्पर्धा झाली. जागा एकच होती. १५ वर्षांचा गॅरी कास्पारोव्ह आणि इगोर इव्हानोव्ह समान गुणांवर आले आणि टायब्रेकवर कास्पारोव्ह पात्र ठरला. पुढे तो जगज्जेता झाला, म्हणून ही कथा नेहमी कास्पारोव्हच्या बाजूने सांगतात. मला दुसरा खेळाडू आठवतो. इव्हानोव्हने पुढच्याच वर्षी तेव्हाचा जगज्जेता कार्पोव्हला हरवले. इतक्या ताकदीचा खेळाडू गुणांत कमी न पडता मागे राहिला.

आपल्या देशाची पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा १९५५ मध्ये एलुरू इथे झाली. रामचंद्र सप्रे आणि डी. वेंकय्या असे दोन संयुक्त विजेते जाहीर झाले. विजेतेपद वाटून घेता येते. निवडीची जागा वाटून घेता येत नाही, म्हणून तिथे पुन्हा खेळण्यावाचून न्याय्य मार्ग नाही. आणि पुन्हा खेळून काय होते ते नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये बातुमीला दाखवले. महिला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात कोनेरू हंपीसारख्या दिग्गज खेळाडूविरुद्ध दोन्ही मुख्य डाव बरोबरीत सुटले. मग जलद डाव झाले, त्यांत दिव्या सरस ठरली, तिने विश्वचषक मिळवला आणि ग्रँडमास्टर झाली. तिथे कोणी प्रतिस्पर्ध्यांच्या गुणांची बेरीज करायला बसले नाही.

आयोजकांची अडचण मला ठाऊक आहे, कारण त्यांच्याच टेबलाशेजारी माझे टेबल असते. सभागृह संध्याकाळी रिकामे करून द्यायचे असते. पाहुणे बक्षीस समारंभासाठी येऊन बसलेले असतात. स्पर्धा कमी दिवसांत उरकायची म्हणून एका दिवशी दोन-दोन फेऱ्या लावलेल्या असतात. प्रत्येकी ९० मिनिटे आणि चालीमागे ३० सेकंद अशा वेळेत साठ चालींचा डाव चार तास चालू शकतो. असे दोन डाव म्हणजे आठ तास. चौथ्या दिवशी दुपारी मुले डोके धरून बसलेली दिसतात आणि जिंकलेल्या डावात घोडा फुकट देतात. राष्ट्रीय स्पर्धेला खेळाडू पाठवायचा, तर निवडही शक्यतो दिवसाला एकच फेरी अशा गतीने झाली पाहिजे. ते सगळीकडे जमणार नाही हे मान्य आहे. पण शेवटच्या तीन फेऱ्या तरी एका दिवशी एक अशा व्हाव्यात, कारण जागा तिथेच ठरतात.

आता आपल्याला का लिहिते आहे. बुद्धिबळ संघटना स्वायत्त आहे आणि ती तशीच राहावी. मंत्रालयाने खेळाडू निवडावेत असे मी स्वप्नातही म्हणणार नाही. पण कोणाला खेळू द्यायचे हा प्रश्न संघटनेच्या चार भिंतींतला कधीच नव्हता. १९७६ मध्ये रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळल्या तेव्हा गदारोळ झाला, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांना सांगावे लागले की महिलांना अशा स्पर्धांतून वगळता येणार नाही. शिवाय राज्य शासन स्वतः खेळाडूंना नोकरीत ५ टक्के आरक्षण देते, दहावी-बारावीला सवलतीचे गुण देते. खेळातल्या कामगिरीला शासन एवढे वजन देते, तर ती कामगिरी करण्याची संधी कशी वाटली जाते याकडेही शासनाने पाहावे.

आपल्या हातात दोन गोष्टी आहेत : खेळायला सभागृह आणि अनुदान. जिल्हा क्रीडा संकुलातले एखादे शांत सभागृह निवड स्पर्धेसाठी दोन दिवस जास्त, विनाशुल्क मिळाले, तर घाईचे निम्मे कारण संपते. बुद्धिबळाला मैदान लागत नाही. सरळ टेबले, पटावर सावली न पाडणारा उजेड आणि शांतता एवढेच लागते. आणि अनुदान देताना एक अट घालता येईल : शेवटच्या पात्र जागेसाठी गुण समान असतील, तर निर्णय पटावर व्हावा. दोघे असतील तर प्रत्येकी दहा मिनिटांचे दोन डाव, तरीही बरोबरी राहिली तर एक निर्णायक डाव. तिघे-चौघे असतील तर तीन-तीन मिनिटांच्या अतिजलद डावांची छोटी साखळी. तास-सव्वा तासात निकाल लागतो. संगणकातली बेरीज फार तर पांढरी मोहरी कोणाला द्यायची हे ठरवायला वापरावी.

जलद डावात जिंकणारा दीर्घ डावातही सरस असेलच असे नाही, हा आक्षेप खरा आहे. तरीही त्या डावातली प्रत्येक चाल त्या खेळाडूची स्वतःची असते. हरला तर कोणत्या चालीला हरला हे त्याला माहीत असते, आणि घरी जाऊन ती चाल तो पुन्हा मांडून बघू शकतो.

तारखांबद्दलही थोडे. निवड स्पर्धेची सूचना किमान दोन महिने आधी निघावी आणि बोर्डाच्या परीक्षांच्या काळात ती ठेवू नये. याला पैसाही लागत नाही.

पुढच्या मोसमाचे वेळापत्रक ठरण्याआधी आपल्या विभागाने संघटनेचे पदाधिकारी, पंच आणि सध्या खेळणारे काही खेळाडू यांची एक बैठक बोलवावी, ही विनंती. खेळाडू पदाधिकाऱ्यांनी निवडलेले नसावेत. मागच्या निवड स्पर्धेत समान गुण असूनही ज्यांची जागा हुकली, त्यांनाच बोलवावे. फेरलढतीच्या नियमांचा दोन पानी मसुदा मी त्या बैठकीला घेऊन येईन.

आपली,
निवड स्पर्धांतील एक पंच