ताई, ते उघडं सेशन माझंच होतं

ताई, सप्रेम नमस्कार.

सोमवारच्या मीटिंगमध्ये तुम्ही एवढंच म्हणालात, "डेटाबेसवर एक सेशन उघडं राहिलं होतं, बंद केलं." कोणाचं, ते कोणी विचारलं नाही आणि तुम्हीही सांगितलं नाहीत. ते माझं होतं : डेटाबेसशी जोडून तसंच सोडलेलं माझं काम. आभार मानायचे आणि ही गोष्ट गिळून टाकायची हे मला जमेना, म्हणून हे पत्र अख्ख्या टीमला दिसेल असंच लिहितोय.

शनिवारी रात्री पावणेदोनला तुम्हाला फोन लावला तेव्हा पहाटेच्या दूध-भाजीच्या ऑर्डरी अडकल्या होत्या. तीन वाजता गोदामात याद्या छापायला सुरुवात होते, आणि आमच्या सर्व्हिसचे पॉड (प्रोग्रॅम ज्यात चालतात ते डबे) एकेक करून लाल होत होते. लॉगमध्ये एकच तक्रार पुन्हा पुन्हा येत होती : डेटाबेसकडे नव्या कनेक्शनला जागा नाही. मी म्हणालो, डेटाबेसचा पॉड उडवतो, आपोआप परत येईल. तुम्ही झोपेतून उठला होतात तरी आवाज चढला नाही. "तो कागदी कप नाही रे, चुरगळून दुसरा घ्यायला. आधी आत जाऊन बघू." तुमच्याकडे सगळे अधिकार होते, दोन मिनिटांत तुम्हीच उरकू शकला असतात. पण "स्क्रीन दाखव, कीबोर्ड तुझ्याकडेच राहू दे" म्हणालात.

आत जायलाच मला आठ मिनिटं लागली, हे आता हसून सांगता येतं. कुबसीटीएल एक्झेक, म्हणजे पॉडच्या आत शिरायची कमांड, मारलं, तर म्हणे असा पॉडच नाही. मी डीफॉल्ट नेमस्पेसमध्ये, म्हणजे पॉडच्या भलत्याच गटात, शोधत बसलो होतो. नेमस्पेस दिला, तर पीएसक्यूएल, म्हणजे आपल्या पोस्टग्रेस डेटाबेसशी बोलायचं साधन, सापडेना. त्या पॉडमध्ये दोन कंटेनर (वेगवेगळे चालणारे प्रोग्रॅम) आहेत, आणि कंटेनरचं नाव न सांगितल्यामुळे मी पोस्टग्रेसऐवजी मेट्रिक्स, म्हणजे मोजमापं, गोळा करणाऱ्या शेजाऱ्याच्या घरात शिरलो होतो. मग मधले दोन डॅश विसरलो, आणि पीएसक्यूएलसाठी दिलेला यूजरचा पर्याय कुबसीटीएलने स्वतःचा समजून तोंड वाकडं केलं. प्रत्येक वेळी तुम्ही उत्तर न सांगता विचारत होतात, "एररमध्ये काय लिहिलंय ते मोठ्याने वाच." वाचलं की कळायचं. त्याआधी मी एरर वाचतच नव्हतो, नुसता बघत होतो.

सर्व्हिसच्या यूजरने दार उघडेना, कारण शंभर कनेक्शनांपैकी साध्या यूजरांच्या वाट्याच्या सगळ्या जागा भरलेल्या. शंभरातल्या 3 जागा पोस्टग्रेस सुपरयूजरसाठी (सगळे अधिकार असलेल्या यूजरसाठी) मागे ठेवतो, हे मला तेव्हा कळलं. एसटीतल्या राखीव सीटसारख्या. त्यातल्या एका सीटवरून आपण आत गेलो, आणि पासवर्ड विचारलाच गेला नाही! मी दचकलो. कंटेनरच्या आतून येणाऱ्यावर ती इमेज (ज्या साच्यातून कंटेनर बनतो तो) मुळातच विश्वास ठेवते, असं तुम्ही सांगितलंत आणि पुढे म्हणालात, "म्हणून तर एक्झेकची परवानगी वाटायची नसते." आता ती माझ्याकडून काढून घेतलीत, त्याबद्दल तक्रार नाही.

मग पीजी स्टॅट ॲक्टिव्हिटी, म्हणजे कोणतं कनेक्शन काय करतंय त्याची यादी. थांबलेल्यांची रांग स्क्रीनभर. सगळ्यात पुढे रात्रीच्या डिप्लॉयमेंटमधली (नवी आवृत्ती चढवतानाची) ऑल्टर टेबल, म्हणजे टेबलची रचना बदलणारी कमांड, तिच्या मागे साध्या सिलेक्टसुद्धा (नुसत्या वाचणाऱ्या क्वेरी) ताटकळत. तुम्ही पीजी ब्लॉकिंग पिड्स (कोणी वाट अडवलीय ते सांगणारं फंक्शन) चालवायला लावलंत, आणि ऑल्टरच्या वाटेत एकच प्रोसेस निघाली. स्थिती : आयडल इन ट्रान्झॅक्शन, म्हणजे व्यवहार सुरू करून नुसती बसलेली. ॲप्लिकेशनचं नाव पीएसक्यूएल, क्लायंटच्या पत्त्याचा रकाना रिकामा. म्हणजे नेटवर्कवरून नव्हे, पॉडच्या आतूनच कोणीतरी आलेलं. ट्रान्झॅक्शन सुरू झाल्याची वेळ सायंकाळी 5:12. शेवटची क्वेरी : ऑर्डर्स टेबलवर एक सिलेक्ट, शेवटी लिमिट 5.

ती क्वेरी मी ओळखली. संध्याकाळी एका ग्राहकाची ऑर्डर दुप्पट का दिसते ते बघायला आत गेलो होतो. सवयीने बिगिन लिहिलं, म्हणजे ट्रान्झॅक्शन सुरू केलं, सिलेक्ट मारला, आणि बस चुकेल म्हणून लॅपटॉप मिटून पळालो. मला वाटलं होतं, झाकण मिटलं की सगळं मिटलं. पण पॉडच्या आतला पीएसक्यूएल तसाच तग धरून बसला होता, त्या टेबलवरचं बारीकसं कुलूप हातात धरून. वाचणाऱ्यांना त्या कुलपाचा काही त्रास नाही. ऑल्टरला मात्र टेबल एकटीला हवं असतं, म्हणून ती थांबली, आणि ती थांबल्यावर तिच्या मागून येणारे सगळेच कनेक्शन अडवून थांबले.

मी गप्प झालो. तुम्हाला तिथेच कळलं असणार. तुम्ही म्हणालात, "आधी कॅन्सल करून बघ, काय होतं." उत्तर आलं टी, म्हणजे खरं, आणि हललं काहीच नाही. "रद्द करायला क्वेरी चालू कुठाय? ते नुसतं बसलंय." मग पीजी टर्मिनेट बॅकएंड, म्हणजे कनेक्शनच तोडायची कमांड, पिड (प्रोसेसचा नंबर) दोनदा मोठ्याने वाचून. एंटर दाबलं आणि क्षणात ऑल्टर पूर्ण झाली, रांग ओसरली. घड्याळात 2:31. गोदामाच्या याद्या वेळेवर निघाल्या.

दुसऱ्या दिवशी तुम्ही आयडल ट्रान्झॅक्शनला 5 मिनिटांची मर्यादा घातलीत. ती मुळात शून्य असते, म्हणजे कितीही वेळ बसा. मायग्रेशनला (टेबलची रचना बदलणाऱ्या कामाला) लॉक टाइमआउट, म्हणजे कुलपासाठी थांबायची मर्यादा, लावलात. आम्हाला फक्त वाचता येईल असा वेगळा यूजर दिलात, रेप्लिकावर, म्हणजे डेटाबेसच्या प्रतीवर. मनात आणलं असतंत तर याऐवजी माझं नाव घेऊन काम भागलं असतं.

फोन ठेवताना तुमच्याकडे कुकरची शिट्टी झाली. एवढ्या रात्री काय शिजत होतं ते विचारायचं राहून गेलं. मुलाच्या सकाळच्या डब्याचे वाटाणे असतील, असं आमच्या सौ. म्हणतात. झोप मोडून वर हेही! पुढच्या आठवड्यात डबा आमच्याकडून, नाही म्हणू नका.

आपला,
ऑर्डर्स टीममधला, लिमिट 5 वाला