सिद्धांत छापता, मग पूर्वपक्षही छापा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

व्यक्तिमत्त्व विकासावरच्या सदरांत एक विधान वर्षानुवर्षे छापून येते : बोलण्याचा परिणाम शब्दांमुळे फक्त ७ टक्के होतो, आवाजामुळे ३८ टक्के आणि चेहऱ्यामुळे ५५ टक्के. हे आकडे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९६७ सालच्या दोन वेगवेगळ्या प्रयोगांची सांगड घालून काढलेले आहेत. एका प्रयोगात नऊ सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवले होते. दुसऱ्यात ‘मेबी’ (कदाचित) हा एकच शब्द तीन सुरांत ऐकवून सोबत चेहऱ्यांची छायाचित्रे दाखवली होती. बोलणाऱ्याच्या मनात समोरच्याविषयी आवड आहे की नावड, एवढेच ऐकणाऱ्यांनी ओळखायचे होते. त्यात पूर्ण वाक्य नव्हते, युक्तिवाद नव्हता, भाषण तर नव्हतेच. हे सूत्र भावना आणि आवडीनिवडीपुरतेच आहे, असे खुद्द मेहराबियन यांनी सांगितले आहे. तरीही ‘सिद्धांत’ म्हणून ते सगळ्या बोलण्याला लावले जाते.

घोळाचे एक मूळ या ‘सिद्धांत’ शब्दातच आहे. थिअरीला आपण सरसकट सिद्धांत म्हणतो. शास्त्रार्थात आधी पूर्वपक्ष, म्हणजे विरोधी मत मांडायचे, त्याचे खंडन करायचे आणि मग जे टिकेल तो सिद्धांत. संज्ञापन (कम्युनिकेशन) आणि वक्तृत्वशास्त्राच्या अभ्यासक्रमांत आपण शेवटचा शब्द ठेवला आणि पूर्वपक्ष गाळून टाकला. ‘उपपत्ती’ हा नेमका शब्द मराठीत असूनही वापरात मागे पडला. उपपत्ती म्हणजे कारणे देऊन केलेली मांडणी. तिच्यावर आक्षेप घेता येतो, हे त्या शब्दातच गृहीत आहे.

चार्ल्स बर्गर आणि रिचर्ड कॅलॅब्रीज यांनी १९७५ साली मांडलेली अनिश्चितता घटवण्याची उपपत्ती घ्या. दोन अनोळखी माणसे पहिल्यांदा भेटतात तेव्हा समोरच्याबद्दलची अनिश्चितता कमी करण्याकडे त्यांचा कल असतो, हे तिचे सूत्र. तिची रचना भूमितीसारखी आहे. ७ गृहीतके, प्रत्येकात अनिश्चिततेचा एकेका गोष्टीशी संबंध, आणि त्या सात गोष्टींच्या दोन-दोनच्या जोड्या लावून निघालेली २१ प्रमेये. विद्यार्थी ती सात विधाने पाठ करतात आणि तिथेच थांबतात. वाद पुढे, १७व्या प्रमेयात आहे. तिसरे गृहीतक म्हणते, अनिश्चितता जास्त तर माहिती काढण्याची खटपट जास्त. सातवे म्हणते, अनिश्चितता जास्त तर आवड कमी. दोन्ही जोडली की निष्कर्ष निघतो : माणूस जितका आवडतो तितकी त्याच्याबद्दलची चौकशी कमी. आवडत्या माणसाबद्दल तर आपण अधिक विचारतो!

चूक कुठे झाली, ते आकड्यांत दाखवता येते. भूमितीत ‘अ’वरून ‘ब’ आणि ‘ब’वरून ‘क’ सिद्ध होते. सहसंबंधांत, म्हणजे दोन गोष्टी किती सोबत वाढतात किंवा घटतात हे –१ ते +१ मध्ये सांगणाऱ्या आकड्यांत, ते आपोआप होत नाही. अनिश्चितता आणि चौकशी यांचा सहसंबंध +०.६ धरा, अनिश्चितता आणि आवड यांचा –०.६. मग चौकशी आणि आवड यांचा सहसंबंध –१ पासून +०.२८ पर्यंत कुठेही असू शकतो. म्हणजे तो धनही निघेल. चिन्हाची खात्री हवी असेल तर दोन्ही आकड्यांच्या वर्गांची बेरीज १ पेक्षा जास्त लागते. ०.६ च्या बाबतीत ती ०.७२ भरते, दोन्ही आकडे ०.८ असते तर १.२८ भरली असती. माणसांच्या वागण्यावरच्या संशोधनात एवढे घट्ट सहसंबंध क्वचितच मिळतात. हे गणित फळ्यावर दहा मिनिटांत होते, आणि प्रमेय या शब्दाचा धाक तिथेच उतरतो.

पुढे १९८६ मध्ये मायकेल सनाफ्रँक यांनी मूळ प्रेरणेवरच बोट ठेवले. या ओळखीतून पुढे आपल्याला काय मिळेल याचा अंदाज माणूस बांधत असतो आणि अनिश्चितता घटवणे हे त्यासाठीचे साधन आहे, असे त्यांचे म्हणणे. १९९० मध्ये कॅथी केलरमन आणि रॉडनी रेनल्ड्स यांनी पडताळणी करून दाखवले की नुसते ‘माहीत नाही’ एवढ्याने माणूस चौकशी करत नाही, ‘माहीत करून घ्यायचे आहे’ असे वाटावे लागते. मूळ उपपत्ती यामुळे टाकाऊ झाली नाही, तिची हद्द कळली. ही हद्द न सांगता तिसरे गृहीतक शिकवणे मला अप्रामाणिक वाटते.

वक्तृत्वशास्त्रातला वाद वेगळ्या जातीचा आहे. तो आकड्यांनी मिटत नाही. लॉइड बिट्झर यांनी १९६८ मध्ये म्हटले की भाषण प्रसंगातून जन्मते. प्रसंगाचे तीन घटक : निकड, म्हणजे बोलण्याने दूर होऊ शकेल अशी तातडीची उणीव, ती दूर करू शकणारे श्रोते, आणि वक्त्यावरची बंधने. १९७३ मध्ये रिचर्ड व्हॅट्झ यांनी हे उलटे केले. निकड जगात तयार पडलेली नसते, असंख्य घटनांतली कोणती पुढे आणायची आणि तिला काय म्हणायचे हे वक्ता ठरवतो. यात नैतिक प्रश्नही आहे. प्रसंगानेच बोलायला लावले असे मानले तर वक्त्याची जबाबदारी हलकी होते. निवड वक्त्याची मानली तर ती सगळी त्याच्यावर येते. पुढच्याच वर्षी स्कॉट कॉन्सिग्नी यांनी दोघांनाही अपुरे ठरवले. वक्त्याला प्रसंग मनासारखा घडवता येत नाही आणि प्रसंग त्याला पूर्ण बांधूनही ठेवत नाही, ही त्यांची भूमिका.

हा वाद एकाच भाषणावर चालवून पाहावा. अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांचे ३ नोव्हेंबर १९६९ चे व्हिएतनामवरील भाषण त्यासाठी चांगले आहे. आधी संहिता वाचून वक्ता कशाला समस्या म्हणतो ती वाक्ये अधोरेखित करायची. मग त्या दिवसांच्या बातम्या काढून भाषणात काय गाळले ते शेजारी लिहायचे. १५ ऑक्टोबरची देशभरातली युद्धविरोधी निदर्शने बाहेरून आलेली निकड होती, हे बिट्झर यांच्या बाजूने जाते. त्यांना उत्तर देताना ‘मूक बहुसंख्य’ असा श्रोता नाव देऊन उभा करणे, हे व्हॅट्झ यांच्या बाजूने जाते. विद्यार्थी हमखास चुकतात ते इथे : एकच उपपत्ती निवडून तिचे कप्पे भरतात, कप्पे भरले की उपपत्ती बरोबर ठरली असे समजतात. कोणतेही भाषण कोणत्याही कप्प्यात बसवता येते. बसत नाही ते काय, हे लिहिल्याशिवाय विश्लेषण सुरूच होत नाही.

याच भाषणावरून १९७२ मध्ये फोर्ब्स हिल आणि कॅरलिन कोर्स कॅम्पबेल या समीक्षकांची जुंपली होती. ठरावीक श्रोत्यांना जिंकण्यासाठी वक्त्याने उपलब्ध साधने कितपत कौशल्याने वापरली एवढेच समीक्षकाने पाहावे, असे अ‍ॅरिस्टॉटलच्या आधाराने हिल म्हणत. भाषणातली विधाने खरी की खोटी हा प्रश्न समीक्षकाला टाळता येणार नाही, हे कॅम्पबेल यांचे उत्तर. माझा कौल कॅम्पबेल यांना आहे. पण हिल वाचल्याशिवाय त्या कौलाला अर्थ नाही.

संदेश कसा पोचतो हे दाखवणाऱ्या आकृतीला दिल्या जाणाऱ्या ‘शॅनन-विव्हर’ या जोडनावाबद्दलही दोन शब्द. गणितज्ञ क्लॉड शॅनन यांचा १९४८ चा लेख तारेवरून संकेत नेण्याच्या गणिताचा आहे, आणि अर्थाचा प्रश्न त्यांनी स्पष्टपणे बाजूला ठेवला आहे. आठ सारख्याच शक्यतांमधून एक निवडली की माहिती ३ बिट (बिट हे माहिती मोजण्याचे एकक). मग ती निवड दुःखाची बातमी असो की निरर्थक अक्षरे. अर्थ आणि परिणाम यांपर्यंत तीच आकृती ताणण्याची आशा १९४९ मध्ये वॉरन विव्हर यांनी मांडली. दोन माणसांचे दोन दावे आपण एका आकृतीत कोंबले आहेत.

संज्ञापनाचे अभ्यासक रॉबर्ट क्रेग यांनी १९९९ मध्ये या विषयातल्या सात परंपरा शेजारी ठेवल्या त्या याचसाठी, की अभ्यासकांनी निदान एकमेकांशी भांडावे. सगळ्यांनी एका उपपत्तीखाली यावे, अशी त्यांची अपेक्षाच नव्हती. त्यांच्या मांडणीवरही २००१ मध्ये डेव्हिड मायर्स यांनी हल्ला चढवला आणि क्रेग यांनी त्याच वर्षी उत्तर दिले. वर्गात ही तीन टिपणे एकत्र द्यावीत. मूळ लेख एकटा देऊ नये.

आपल्या पुरवणीसाठी विनंती एवढीच. संज्ञापनावरचा आकडा किंवा आकृती छापताना तो कशावर आणि कोणत्या प्रश्नासाठी काढला, हे खाली द्यावे. मेहराबियन यांच्या बाबतीत ती ओळ अशी होईल : ‘हे प्रमाण सुट्या शब्दांवरच्या प्रयोगांतून काढलेले असून फक्त आवड-नावड ओळखण्यापुरते आहे.’

आपला,
संज्ञापनशास्त्राचा एक अध्यापक