बिनठिपक्यांच्या ढालकिड्याची ओळख पटवून दिल्याबद्दल

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

दुधीच्या वेलावर सापडलेला पिवळा भुंगेरा कोणता, हे आपण मला नेमके सांगितलेत, त्याबद्दल मनापासून आभार. वांग्याची पाने खरवडून खाणारा अठ्ठावीस ठिपक्यांचा भुंगेराही ढालकिड्यांच्याच, म्हणजे लेडीबर्डच्या, कुळातला असतो, हे ठाऊक असल्याने लिंबासारखा पिवळा, पाठीवर एकही ठिपका नसलेला हा जेमतेम 4-5 मिलिमीटरचा कीटकही तसाच असेल असे मी धरून चाललो होतो आणि फवारणीच्या तयारीत होतो.

आपण नाव सांगण्याची घाई केली नाहीत, हे मला सर्वांत मोलाचे वाटते. कोषातून नुकताच बाहेर आलेला साधा ढालकिडाही फिकट पिवळा असतो आणि त्याचे ठिपके काही तासांनी उमटतात, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहा, असे आपण सुचवलेत. रंग तसाच राहिला. मग डोक्यामागच्या पांढुरक्या ढालीकडे आपण लक्ष वेधलेत. तिच्या मागच्या कडेवरचे दोन काळे ठिपके मला छायाचित्रात डोळेच वाटले होते. शेवटी आपण विचारलेत, की पानाला भोके आहेत की त्यावर पांढरी भुकटी आहे? पानावर भुरी, म्हणजे बुरशीचा पांढरा थर, होती, भोक मात्र एकही नव्हते. तेव्हा कुठे आपण ‘इलिस’ हे नाव घेतलेत आणि हा ढालकिडा मावा कीड किंवा पाने न खाता भुरीची बुरशीच खातो, हे समजावलेत.

त्यानंतर भिंग घेऊन मी त्या पानाशी बराच वेळ बसलो. काळ्या टिंबांच्या रांगा असलेली एक फिकट अळी पांढऱ्या थरावरून सावकाश सरकत होती आणि तिच्या मागे पानाचा हिरवा रंग उघडा पडत होता. इतके दिवस मी त्या वेलाला पाणी घालत होतो, पण हे कधी दिसले नव्हते.

एवढ्याने भुरी आटोक्यात येईलच असे नाही, हेही आपण स्पष्ट सांगितलेत, म्हणून आपल्या शब्दावर माझा विश्वास अधिकच बसला. आपल्या सल्ल्याप्रमाणे फार खराब झालेली पाने, अळ्या नाहीत याची खात्री करून, तेवढीच काढली आहेत. फवारणी केलेली नाही. आज एका पानाच्या खालच्या बाजूला दोन कोष दिसले, त्यांची छायाचित्रे सोबत पाठवत आहे.

आपला कृतज्ञ,
एक बागप्रेमी