रिक्षा एकच, सौदे दोन

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत इस्लामी बँका (व्याज घेणे-देणे निषिद्ध मानून चालणाऱ्या) आणि नेहमीच्या बँका यांच्या कार्यक्षमतेची तुलना करणारा लेख वाचला. शंभर रुपये मिळवायला कोण किती खर्च करतो, एवढ्या एकाच मापावर लेखकाने इस्लामी बँकांना नापास करून टाकले आहे. बडोद्यात ३२ वर्षे बँकेच्या काउंटरमागे काढलेल्या मला हे जरा घाईचे वाटले.

इस्लामी बँकांचा खर्च जास्त असतो हे खरेच. बेक, देमिरगुच-कुंत आणि मेरूश यांच्या २०१३ सालच्या अभ्यासातही तसेच आढळले. पण या बँकांचे भांडवल अधिक भक्कम आणि कर्जांचा दर्जा चांगला, हेही त्याच अभ्यासात आहे. लेखात ते कुठे दिसले नाही.

हा खर्च येतो कुठून? समजा, २ लाखांची रिक्षा घ्यायची आहे. आमच्याकडे गिऱ्हाईक डीलरचे कोटेशन आणायचे, आम्ही कर्ज मंजूर करून डीलरच्या नावाने चेक काढायचो, आरसी बुकावर बँकेचा बोजा चढला की फाइल कपाटात. इस्लामी बँकांच्या मुराबहा पद्धतीत व्याज टाळण्यासाठी बँक आधी ती रिक्षा स्वतः विकत घेते आणि मग आपला नफा उघड सांगून गिऱ्हाइकाला, म्हणू या, २ लाख ५२ हजारांना विकते. ७ हजारांचे ३६ हप्ते. एकाच रिक्षाचे दोन सौदे, म्हणजे कागदही दुप्पट. घराच्या व्यवहारात तर मुद्रांक शुल्कही दोनदा भरण्याची वेळ येते. ब्रिटनने २००३ मध्ये ते दुहेरी शुल्क काढून टाकले. शिवाय हप्ता थकला तर दंड बहुधा बँकेच्या उत्पन्नात धरत नाहीत, तो दानधर्माला जातो. मग गुणोत्तर बिघडणार नाही तर काय?

माझी तक्रार वेगळी आहे. ज्या नफा-तोट्यातल्या भागीदारीसाठी हा सगळा खटाटोप, ती (तिच्या प्रकारांना मुदारबा आणि मुशारका म्हणतात) कर्जव्यवहारात थोडीच दिसते. बराचसा धंदा मुराबहासारख्या विक्रीवरच चालतो, आणि नफ्याचा आकडाही बाजारातल्या व्याजदराकडे बघूनच ठरतो. हे व्याजाचेच दुसरे नाव, असे कुणी म्हटले तर मी फारसा भांडणार नाही. लेखकाने तिथे बोट ठेवायला हवे होते.

आपल्याकडे १९४९ च्या बँकिंग नियमन कायद्याच्या कलम ८ प्रमाणे बँकेला मालाची खरेदी-विक्रीच करता येत नाही. २००८ मध्ये रघुराम राजन समितीने बिनव्याजी बँकिंगची शिफारस केली होती. २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने तो विषय बाजूला ठेवला.

मांडवीतले एक कापडाचे व्यापारी दर एप्रिलात बचत खात्याचे पासबुक घेऊन यायचे. व्याजाच्या प्रत्येक नोंदीपुढे पेन्सिलीचे टिंब. 'साहेब, आटलुं काढी आपो,' म्हणायचे, आणि तेवढीच रक्कम काढून वाटून टाकायचे. धंद्याचा सगळा पैसा मात्र चालू खात्यात, एका पैशाच्या व्याजाविना. आम्हाला याहून स्वस्त ठेव कुठली मिळणार? चालू खात्यांचा आकडा चढला की आमचे मॅनेजर त्या दिवशी सगळ्यांना चहा पाजायचे. त्या व्यापाऱ्यांच्या बिनव्याजी पैशाने आमच्या शाखेची जी कार्यक्षमता वाढली, ती लेखकाने कुणाच्या खात्यावर जमा केली, तेवढे कळवावे.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी
दांडिया बाजार, बडोदे