मंजू, फोनवर सांगता आलं नाही

पुणे, रविवार रात्र

प्रिय मंजू,

मंगळवारी तू विचारलंस, 'डॉक्टर आता डोनरचं अंडं घ्या म्हणतायत, माझ्या जागी तू असतीस तर काय केलं असतंस?' आणि मी 'नंतर बोलू' म्हणून फोन ठेवला. तुला वाटलं असेल, हिला माझं काही पडलेलंच नाही. अगं, मला रडू फुटलं होतं. मी तुझ्या जागी होते, मंजू. आमची चिमी डोनरच्या अंड्यातून झालीय. नऊ वर्षं हे तुझ्यापासूनही लपवलं. बाळंतपणात तू सांगलीहून डिंकाचे लाडू घेऊन आलीस, तिचं नाक बघून 'तुझंच गं' म्हणालीस, आणि मी मान डोलावली. ते अजून सलतं.

बत्तिसाव्या वर्षीच माझ्या अंडाशयांनी हात टेकले होते. टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचाराच्या दोन सायकल, म्हणजे दोन फेऱ्या, फुकट गेल्या. मग क्लिनिकने एक कागद पुढे केला. वय २६, उंची पाच फूट दोन, रंग गहूवर्णी, रक्तगट बी पॉझिटिव्ह, शिक्षण दहावी, एक मूल. नाव नाही, फोटो नाही. स्थळाची माहिती वाचावी तशी आम्ही ती वाचली. 'दहावीच?' म्हणून मी नाक मुरडलं होतं. आज त्याची लाज वाटते.

तिची अंडी काढायच्या दिवशी सकाळी ह्यांना सॅम्पल द्यायला बोलावलं होतं, मीही सोबत गेले. बाकावर एक बाई बसली होती, मांडीवर दोन-तीन वर्षांचा पोरगा. सिस्टरने बाहेर येऊन विचारलं, 'पिकअपची पेशंट कोण?' बाई उठली, पोराला शेजारणीच्या मांडीवर दिलं आणि बिस्किटाचा पुडा त्याच्या मुठीत कोंबला. त्याने भोकाड पसरलं. ती दाराशी एकदा वळली आणि आत गेली. तिच्या चपलेचा अंगठा तुटला होता, तिथे सेफ्टी पिन लावली होती. आमची डोनर तीच होती का, मला ठाऊक नाही. पण माझ्या मनात तीच बसलीय.

दहा-बारा दिवस रोज इंजेक्शनं, मग भूल देऊन सुईने अंडी ओढून घेतात. माझी दोनदा घेतली. एकदा पोट इतकं फुगलं की चार दिवस सलाइनवर होते. पण मला त्यातून मूल हवं होतं. तिचं काय? आमच्या बिलात 'डोनर' अशी एक ओळ होती, पुढे भली मोठी रक्कम. त्यातले तिच्या हातावर किती टेकवले, एजंटने किती खाल्ले, आम्ही विचारलं नाही. खोदून विचारलं आणि त्यांनी आम्हालाच बाहेरचा रस्ता दाखवला तर, ही धास्ती.

आता २०२१ चा कायदा आहे. डोनरचं वय २३ ते ३५, अंडी आयुष्यात एकदाच द्यायची, सातहून जास्त काढायची नाहीत, तिचा विमा उतरवायचा, आणि अंडं विकणं गुन्हा. एकदाच आणि सातच, हे मला मनापासून पटतं. मोबदला नाही, हे मात्र घशाखाली उतरत नाही. डॉक्टरांना फी, लॅबला पैसे, भ्रूण गोठवून ठेवायचं भाडं, आणि फुकट द्यायचं ते एकट्या तिनेच? मला भीती वाटते की पैसे चोरून दिले जातील, आणि उद्या काही बिघडलं तर ती तोंडही उघडू शकणार नाही. म्हणून सही करायच्या आधी तिच्या विम्याचा कागद मागून बघ. ती घरी गेल्यावर पोट दुखलं तर फोन कुणाला करणार, हेही विचार. मी हे विचारायला हवं होतं.

दुसरं, पोराचं. ब्रिटनमध्ये १ एप्रिल २००५ नंतरच्या दात्यांचं नाव मुलाला अठराव्या वर्षी मागता येतं. स्वीडनने वीर्यदानाबाबत तो हक्क १९८५ लाच दिला. आपल्याकडे कोर्टाचा हुकूम किंवा वैद्यकीय अडचण सोडली तर सगळं गुप्त. आमच्या चिमीला तर कागदावरच्या त्या सहा गोष्टींपलीकडे कधीच काही मिळणार नाही, आणि तिच्या वतीने ते कबूल केलं आम्ही, ती जन्मायच्या आधी.

जूनमध्ये ती विचारत होती, 'गाल आत्यासारखे, केस बाबासारखे. आई, तुझं काय आलंय माझ्यात?' मी पोळी लाटत होते. पोळी करपली तरी मला उत्तर सुचेना. दोन रात्री आम्ही दोघं जागलो आणि तिसऱ्या दिवशी गच्चीवर तिला सांगितलं. तिला जेवढं कळेल तेवढंच. बाळासाठी अंडं लागतं, माझ्याकडचं संपलं होतं, एका बाईने दिलं, पोटात मात्र माझ्याच होतीस. ती बराच वेळ कठड्याचा पोपडा उकरत बसली. मग म्हणाली, 'तिला किती पैसे दिले?'

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, 'माहीत नाही गं.' ती म्हणाली, 'असं कसं माहीत नाही?'

तू हे करू नकोस असं मी म्हणत नाही. चिमीशिवायच्या घराची मला कल्पनाही करवत नाही. तू दाजींशी बोल, काकूंना इतक्यात सांगू नकोस. शुक्रवारी डॉक्टरांची वेळ आहे म्हणालीस ना? मी गुरुवारी दुपारच्या एसटीने निघते, चिमीला घेऊन. रात्री जेवायला आहोत.

तुझीच,
वासू