हाड सापडलं की खून झालाच?

संपादक महोदय,

गेल्या महिन्यात आमच्या नौपाड्यातल्या जुन्या चाळीच्या जागेवर पाया खणताना एक लांब हाड वर आलं. अर्ध्या तासात व्हॉट्सॲपवर खून ठरला, खुनीसुद्धा ठरला! मी ३२ वर्षं शरीररचना विभागात सांगाडे पुसले आहेत. हाड बैलाचं होतं.

माणसाचं असतं तरी घाई कशाला? ओलं हाड, म्हणजे जिवंतपणी किंवा मृत्यूच्या सुमाराचं ताजं हाड, मोडलं की कड तिरकी, गुळगुळीत आणि बाकी हाडाच्याच रंगाची असते. मातीत सुकलेलं हाड फावड्याने तुटलं तर कड खडबडीत, फिकट. शिरूर तालुक्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजच्या उत्खननात, घरांच्या जमिनीखाली पुरलेल्या प्रौढांची पावलं घोट्यापासून तोडलेली आढळली. आमच्या ग्रुपने तिथे सिरियल किलर शोधला असता. अभ्यासकांनी तो ताम्रपाषाण काळातला दफनविधी मानला.

राग आहे तो कंत्राटदाराचा. फोटो नाही, खोलीचं माप नाही, पोलिसांना फोन नाही. हाड थेट डंपरमध्ये. अशा वेळी अर्धा पुरावा भोवतीच्या मातीत असतो. जाब विचारला तर म्हणाला, ‘‘काका, बैलाचंच होतं ना?’’ हे त्याला कळलं माझ्याकडून, आणि तेही डंपर गेल्यावर.

– एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक, नौपाडा, ठाणे